नळावरची बाई

मी कराडच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. भाषांतरित कथांचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडेच आहे, आणि त्यातला एक भाग यादवी युद्धावरच्या कथांचा. एकाच गावातली, एकच भाषा बोलणारी माणसं एकमेकांवर उठतात आणि मग घरादारांचं काय होतं, ते सांगणाऱ्या या कथा. त्यांच्यावर माझं एक ठरलेलं व्याख्यान होतं. 'कादंबरी युद्ध दाखवते, कथा मात्र युद्धानंतर ताटात काय उरलं ते दाखवते,' असं एक वाक्य त्यात यायचं. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं माझ्याच अंगावर फेकायची. मलाही ते वाक्य आवडायचं. दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीवर बोलायला फार बळ लागत नाही.

मग माझ्या धाकट्या भावाची तुकडी आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत गेली.

मी मुळातच भित्री भागूबाई. फोन वाजला की आधी माझ्या पोटात गोळा येतो, मग मी नंबर बघते. भाऊ फौजेत गेल्यापासून तर हा गोळा कायमचा भाडेकरू होऊन बसलाय. पण शांतिसेनेचं नाव ऐकून मीसुद्धा निर्धास्त झाले होते. लढाई त्यांची, आपण फक्त मधे उभं राहायचं, असं भाऊच हसत म्हणाला होता. आम्ही पेढे वाटले.

आमचं गाव कराड आणि साताऱ्याच्या मधे, हायवेपासून चार किलोमीटर आत. चहूकडे ऊस. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरी आबा, भावजय आणि सहा वर्षांची भाची. आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार म्हणून रिटायर झालेत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी कराडला लागून असलेल्या मलकापूरला एकटी राहते आणि दर शनिवारी एसटीनं गावी जाते, मुख्यतः आबांना वाचून दाखवायला.

पेपर वाचून झाला की आबा म्हणायचे, "आता तुझ्या पोरास्नी काय शिकवतीस ते वाच." मला आधी वाटलं, सुभेदाराला कथा-बिथा कशाला लागतात. पण आबा शेंगा फोडत कान देऊन ऐकायचे आणि कथा संपली की निकाल द्यायचे. त्यांचा निकाल माझ्या सगळ्या समीक्षेपेक्षा लवकर लागायचा.

"ह्यात बंदुका लय झाल्या," ते म्हणायचे. "गोळीबार काय, धा मिन्टं चालतो. बाकी दिसभर ती मानसं पानी कुठनं आनत्यात? कोन जातं आनाय? ते लिव्हलंय का बग."

आणि खरंच, ज्या कथेत पाणी नसायचं ती आबांच्या लेखी खोटी. एका कथेत वेढा पडलेल्या गावातली म्हातारी रोज दोन बादल्या घेऊन नदीवर जाते, एवढंच घडतं. ती ऐकून आबा म्हणाले, "ही बाई ज्यानं लिव्हली त्यानं बगितलंय."

एकदा ते म्हणाले, "आमच्या येळंला बरं व्हतं. दुश्मन पलीकडं, आमी अलीकडं. ह्येंच्यात चुलत्यानं पुतन्याला मारायचं. म्हंजे भाऊबंदकीच की गं. आपल्याकडं बांधावरनं कुऱ्हाड निघती, त्यांच्याकडं मशिनगन." मग हातातली शेंग तशीच धरून म्हणाले, "आनि भाऊबंदकीत मधी पडनाऱ्याला दोन्हीकडनं मार."

मी पान उलटलं आणि पुढची कथा काढली. ऐकलं नाही असं दाखवणं मला चांगलं जमतं.

आमच्या गावची एक रीत इथं सांगितली पाहिजे. गावात दर दुसऱ्या घरातला माणूस फौजेत. फौजीच्या घरी जायचं असेल तर अंगणात पाऊल टाकायच्या आधी बोळातूनच हाळी द्यायची, "बरं हाय!" मग काय काम असेल ते. दूधवाला असो, बांगड्यांचा कासार असो, पाणीपट्टीवाला असो, आधी "बरं हाय". घरातून "या" असा आवाज येतो आणि मगच माणूस आत येतो. म्हणतात की तारांच्या जमान्यात एक पोस्टमन नुसता तांब्याभर पाणी मागायला एका घरी गेला. त्याची खाकी बघून त्या घरची म्हातारी उंबऱ्यावर पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून ही रीत. नव्या सुनेला चहात साखर किती ते कळायच्या आधी हे शिकवतात. माझी भावजय जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तिला पहिले काही दिवस हे विसरायला व्हायचं, तर शेजारणी तिला परत बोळात पाठवायच्या.

या रीतीचा उलटा अर्थ कुणी बोलून दाखवत नाही, पण तो सगळ्यांना ठाऊक असतो. जो न बोलता येतो तो वाईट बातमी घेऊन येतो.

भाऊ भावजयीला फोन करायचा आणि आबांसाठी मला मेसेज लिहायचा, कारण वाचणारी मी. त्याचे मेसेज तारेसारखे असायचे. 'पोचलो. उकाडा आहे. जेवण बरं आहे. आबांचे डोळे कसे आहेत?' यापलीकडे एक अक्षर नाही. मी चिडवायची, लेका, आणखी दोन ओळी लिहिल्यास तर सरकार पेन्शन कापणार नाही. तो हसणारं तोंड पाठवायचा, तेवढंच.

एका मंगळवारी स्टाफरूममध्ये बसून मी फोनवर बातम्या चाळत होते आणि त्याच्या कॅम्पाच्या गावाचं नाव दिसलं. तिथल्या फौजेचे दोन तट एकमेकांवर उलटले होते. गावात घरोघर शिरून माणसं मारत होते. लोक शांतिसेनेच्या कॅम्पाकडे पळत होते. मी भावाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. माझ्या हाताला इतका घाम आला की फोन निसटून टेबलाखाली गेला आणि मी तो उचलायला वाकले ती वाकलेलीच राहिले, कारण वर आलं की कुणीतरी 'काय झालं' विचारणार होतं.

भावजयीचा फोन आला. "वन्सं, त्येंचा लागंना ओ."

तुकडीच्या इथल्या ऑफिसात फोन केला. एक माणूस शांतपणे म्हणाला, "लाइन बंद है मॅडम. खबर आते ही बताएंगे." मी बताएंगे या शब्दाला रात्रंदिवस घाबरले. काय सांगणार, ते तो म्हणाला नव्हता.

आबांना कळू द्यायचं नाही हे आम्ही दोघींनी फोनवरच ठरवलं. भावजयीनं टीव्हीची वायर काढली आणि उंदरानं कुरतडली म्हणून सांगितलं. मी शेजाऱ्यांना फोन करून गप्प बसवलं. आबांना वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते, तेव्हा तिकडून भीती नव्हती. सगळं व्यवस्थित बंद केलं. आणि संध्याकाळी आबा भावजयीच्या फोनवरून म्हणाले, "पोराचा निरोप न्हाई का आला आज?"

"आलाय की," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते निघून गेलं. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं; नाही म्हणायची हिंमत झाली नाही, एवढंच.

"मग वाच."

मी फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत वाचलं, "बरा आहे. उकाडा आहे. आबांचे डोळे कसे आहेत?"

"पान्याचं काय म्हनतोय?"

आबांनी हे विचारलं आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पाण्यावाचून गोष्ट खरी वाटत नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हणाले, "कॅम्पात बोअर आहे म्हणतो. पाणी गोड आहे." आबा "झ्याक" म्हणाले आणि जेवायला बसले. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली असं भावजयीनं मला मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीत लिहूनच ठेवू लागले. आयत्या वेळी अडखळले असते तर आबांनी आवाजावरून ओळखलं असतं. रोज संध्याकाळी भावजय फोन मोठ्यानं लावायची, आबा, ती आणि भाची भोवती बसायचे आणि मी माझ्या भावाचे निरोप वाचायची. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं:

'आज गेटवर माझी ड्यूटी होती. एक बाई आली, कडेवर तान्हं बाळ. प्यायला पाणी मागत होती. मी तिला आत घेतली. नळाखाली बाळाचे पाय धुतले तर ते खुदकन हसलं.'

फोनवर आबांचं हसू ऐकू आलं. "आपल्या आईवर गेलाय," ते म्हणाले. मग भाचीचा आवाज आला. "आत्या, ते बाळ मुलगा हाय का मुलगी?"

"मुलगी," मी म्हणाले.

झालं. मग रोज त्या मुलीची चौकशी. तिला दात आले का? ती कुठं झोपते? मी त्या बाईला कॅम्पात एक कोपरा दिला, तट्ट्याची सावली दिली, बाळाला खालचे दोन दात दिले. आबा मधे मधे विचारायचे, धुणं कुठं धुते, सरपण कुठलं आणते, आणि मी उत्तरं द्यायची. वर्गात जे वर्षानुवर्षं शिकवलं ते सगळं मी वापरलं. युद्धाचं नाव काढायचं नाही, तपशील बारीक ठेवायचा, माणूस नेहमीच्या कामात दाखवायचा. माझ्या हातून त्या दहा दिवसांत झालं तेवढं चांगलं लिखाण ना आधी झालं ना नंतर, आणि ते लिहिताना मला जेवण जात नव्हतं.

कारण लिहायला बसलं की तोच विचार यायचा. या क्षणी तो आहे की नाही? असेल तर मी त्याच्या वतीनं थोडं खोटं बोलतेय, तो आल्यावर मला शिव्या घालेल आणि सगळे हसू. नसेल तर मी कुणाचे पाय धुतेय? मेलेल्या माणसाच्या तोंडात मी शब्द घालतेय आणि त्याचा बाप त्यावर जेवतोय. वास्तू तथास्तु म्हणते अशी आईची समजूत. मी कधी त्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवसांत 'मी बरा आहे' हे वाक्य मी आधी घरात मोठ्यानं म्हणायची आणि मगच वहीत लिहायची. कुणी बघितलं असतं तर मला वेड लागलंय असं म्हणालं असतं. थोडं लागलंही होतं.

मधला शनिवार कसाबसा गेला. बोळात शिरताना सवयीनं "बरं हाय" म्हटलं, आवाज चिरका आला, पण म्हटलं. पुढच्या शनिवारी सकाळी निघण्याआधी मी फोन उघडला आणि त्यात एक फोटो होता. मातीचा रस्ता, जळलेली पांढरी गाडी आणि बाजूला उपडं पडलेलं निळं हेल्मेट. खाली लिहिलं होतं, शांतिसेनेचे काही जवान मृत, नावं कळलेली नाहीत.

त्या एसटीतून मी कशी गेले ते मला आठवत नाही. फाट्यावर उतरून चालत गावात आले तेवढं आठवतं, कारण उसाच्या ट्रॉल्यांना वाट द्यायला मी दोनदा चरात उतरले होते. आमच्या बोळाच्या तोंडाशी आले आणि तोंड उघडलं. 'बरं हाय' एवढे दोनच शब्द. गेली चाळीस वर्षं मी ते म्हणत आले होते. वहीत मी शंभर गोष्टी खोट्या लिहिल्या होत्या, फोनवर त्या सराईतपणे वाचल्या होत्या. पण हे दोन शब्द मला खोटे म्हणता येईनात. बरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. आणि पाय थांबायला हवे होते, मागे फिरायला हवे होते, ते तसेच सवयीनं पुढे गेले आणि मी न बोलता अंगणात उभी राहिले.

आबा सोप्यात शेंगा फोडत बसले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांना लांबूनही ओळखू येतो. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली आणि हाळी येते का याची वाट बघितली. आली नाही. मग ते भिंतीला धरून उठले. अंगातल्या सदऱ्याची गुंडी त्यांनी चाचपून लावली, मग त्याच्या वरची, मग गळ्याजवळची. ताठ उभे राहिले आणि माझ्या दिशेला तोंड करून म्हणाले, "कवा झालं?"

आतून भावजय आली आणि माझ्याकडे बघून माहेरच्या कानडीत "अय्यो यव्वा" म्हणत दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"आबा, तसं नाही," मी ओरडले. "तसं नाही. मला काही माहीत नाही. काहीच कळलं नाही."

"मग बोललीस का न्हाईस?"

भाची शाळेत होती. मी सगळं सांगितलं. बारा दिवस फोन बंद असल्याचं, तिकडे चाललेल्या कत्तलीचं, फोटोचं. आबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मग ती बाई? तो नळ?"

"मी लिहिलं."

"त्या पोरीचं दात?"

"तेही मीच."

त्यांच्या हनुवटीखालची कातडी हलत होती. ते रागावतील असं मला वाटलं होतं, आणि ते रागावलेच. पण आवाज चढला नाही. "पोरी, मी इतकं दिस जित्याचं ऐकत व्हतो का मेल्याचं?"

"माहीत नाही, आबा."

"म्हाईत न्हाई तर म्हाईत न्हाई म्हनायचं. मी काय ल्हान पोर हाय?" एवढं बोलून ते बसले. गळ्याची गुंडी त्यांनी काढली नाही. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मी कॉलेजात रजा कळवली आणि तिथंच राहिले. चार दिवस. त्या चार दिवसांत मला कळलं की भीती कानात राहते. बोळात पाऊल वाजलं की आम्ही तिघंही हातातलं काम थांबवायचो. "बरं हाय!" ऐकू आलं की पुन्हा भाकरी थापली जायची, पुन्हा विळी चालायची. शेजारचे लोक तर आता बोळाच्या पार त्या टोकापासून ओरडत यायचे. बिचारे घाबरून दोन दोनदा म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावलं वाजली आणि हाळी आली नाही. पावलं अंगणात आली. आबा उठायला लागले. भावजयीनं पोरीला ओढून पोटाशी धरलं आणि तिचे कान झाकले. मी दारात गेले तर ऊसतोडीला आलेली एक परगावची बाई उभी होती, हातात रिकामा कॅन. "ताई, पाणी मिळंल का?" तिला आमची रीत कुठून ठाऊक असणार. भावजयीनं तिचा कॅन भरून दिला. अर्धं पाणी बाहेर सांडलं, आणि ती बाई आमच्या तोंडांकडे बघत बघत मागच्या मागं निघून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. तिनं तो माझ्या हातात दिला, मी आबांच्या कानाला लावला.

"मी बोलतोय," भाऊ म्हणाला.

आबांनी विचारलं, "जेवलास का?"

"व्हय."

आणि फोन कट झाला. आम्ही चौघंही रडलो. आबा रडताना तोंड भिंतीकडे करून बसले होते. मग त्यांनी शेंगांची पाटी पुढे ओढली आणि मला म्हणाले, "बस हितं." म्हणजे माझ्यावरचा राग गेला.

भाऊ पाच महिन्यांनी घरी आला. हातीपायी धड. गावानं हलगी लावून आणला. सगळ्यांशी नीट बोलला, आबांना डॉक्टरकडे घेऊन गेला, शेतातली मोटर दुरुस्त केली. मी देवाला नवस बोलले नव्हते, तरी त्या आठवड्यात साताऱ्याला जाऊन नारळ फोडला. मला वाटलं, संपलं. गंगेत घोडं न्हालं.

कॉलेज सुरू झालं होतं. मी यादवीच्या कथा पुन्हा शिकवायला घेतल्या आणि ताटात काय उरलं ते वाक्य तोंडात आलं तर बोलवेना. पोरं पेन उघडून बसलेली. मी म्हणाले, "तुम्हीच वाचा आणि त्यातलं पाणी कोण भरतं ते शोधा." त्यांना वाटलं मॅडमना बरं नाही.

भाऊ आल्याला तीनएक आठवडे झाले असतील. एका दुपारी मी कॉलेजातून मलकापूरला घरी आले तर तो मोटारसायकल लावून जिन्यात बसला होता. कळवून आला नव्हता. आबांचं काही झालं का, हेच पहिलं मनात आलं.

"आबा बरं हायत," तो माझं तोंड बघून म्हणाला. "आक्का, तू काय लिव्हलं व्हतंस माज्या नावानं?"

मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो प्याला नाही. सांगू लागला. भाची रोज त्याच्याजवळ येते आणि विचारते, पप्पा, त्या नळावरच्या बाईचं बाळ आता चालतंय का? त्याला आधी कळेचना कुठलं बाळ. मग भावजयीनं त्याला सगळं सांगितलं.

"वही हाय का?"

मी कपाटातून वही काढून दिली. तो टेबलाशी उभ्यानंच वाचू लागला. मला लाज वाटत होती. मी म्हणाले, "रागावू नकोस रे. खरं सांगितलं असतं तर आबा जेवले नसते." तो उत्तर न देता वाचत होता. तिसऱ्या दिवसाच्या पानावर त्याचं बोट थांबलं. ते पान त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"कुणी नाही. मी मनानं लिहिलं."

"गेटवर माझीच ड्यूटी व्हती," तो म्हणाला. "आत हजारो मानूस शिरलं व्हतं, हुबं ऱ्हायाला जागा न्हवती. हुकूम झाला, गेट लावा. मी लावलं. भाईर लय जनं ऱ्हायली. त्यात एक बाई, कडंवर तान्हं. गेटाच्या जाळीला टेकूनच बसली, मी अलीकडं, ती पलीकडं. जाळीतनं बाटलीच्या बुचानं पानी दिलं मी. हात जात न्हवता जाळीतनं, बूचच जायाचं." त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं, केवढं बूच ते. "दोन दिस. मग तिसऱ्या दिशी ती मानसं आली गेटापतूर. आमाला गोळी चालवायचा हुकूम उशिरा आला."

मी विचारलं, "बाळ?"

"दोगी बी," तो म्हणाला.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्याचा खांदा दगडासारखा होता. मी म्हणाले, "तुझा काय दोष? हुकूम होता." तो म्हणाला, "हुकूम व्हता," पण त्याला ते पटलेलं नव्हतं. इतकी वर्षं या विषयावर तासंतास बोलले, आणि समोर माझा भाऊ उभा होता तर माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

मग मी म्हणाले, "मी येते शनिवारी. पोरीला सांगते, आत्यानं ती गोष्ट रचली होती. अशी बाई कुणी नव्हतीच."

"न्हाई!" तो एकदम ओरडला. मी दचकून मागे सरले. तो माझ्यावर कधीच असा ओरडला नव्हता. "न्हवती कशी? व्हती की."

तो खुर्चीवर बसला. वही त्यानं माझ्यापुढे सरकवली, कोरं पान काढलं, खिशातलं स्वतःचं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं.

"फुडचं लिव्ह. पोरगी घरी वाट बगतीया. तिला आज ज्येवायच्या आदी वाचून दाखवायचं हाय मला."

मी पेन धरून बसले. काय लिहायचं ते मला समजत होतं आणि हात हलत नव्हता. त्या वेळी मला जी भीती वाटली ती बोळातल्या भीतीपेक्षा मोठी होती, कारण आता तो समोर बसला होता, धडधाकट, आणि तरी मला त्याच्याबद्दल बरं आहे असं म्हणता आलं नसतं.

शेवटी मी लिहिलं, 'नळावरच्या बाईचं बाळ आता चालायला लागलं.'

त्यानं वाकून ते वाचलं. एकदा, दोनदा. मग म्हणाला, "चालतंय नको, आक्का. पळतंय म्हनून लिव्ह."